चौथीची बिनविरोध निवडणूक

बिनविरोध हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. कुणी कौतुकाने उच्चारला तर जास्तच.

बाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. बेलापूरजवळच्या एका ऊसवाल्या गावात मी चौथीच्या वर्गावर होते. निवडणुकीचा धडा पोरं घडाघडा म्हणायची, पण कळायचं ओ की ठो नाही. आमच्या वर्गाचं एक वर्तमानपत्र होतं. दर शनिवारी पोरं जाड कागदावर बातम्या लिहून भिंतीला लावायची. त्याचा संपादक मतदानाने निवडायचा, असं मी ठरवलं.

उमेदवार दोघे. एक सरपंचांचा पुतण्या. त्याने तोवर वर्तमानपत्रात एक ओळ लिहिली नव्हती. दुसरी एक मुलगी, जिची आई सरपंचांच्याच उसात खुरपायला जायची. हौदाची तोटी गळते ही बातमी तिचीच. ती वाचून हेडमास्तरांनी मुकाट्याने नवी तोटी बसवली होती.

"बाई, मी झाले ना, तर पैली बातमी पोरींच्या मुतारीची," ती मला म्हणाली. "तिला आडोसाच न्हाई. आमी दिसभर दम धरतो."

मला ते तोवर सुचलंही नव्हतं. ती निवडून यावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते लपवताना माझी पुरेवाट होत होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी पुतण्या चार पोरं घेऊन टेबलापाशी आला. "बाई, इलेक्शन नको आता. काल खंडोबाच्या देवळात समद्यांची बैठक झाली. मी संपादक. हिनं माघार घेतली."

मुलगी मागच्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

मी तशीच हेडमास्तरांकडे गेले. ते खूश! "अहो बाई, तंटा नाही, भांडण नाही. पोरांनी गावाचं नाव राखलं!" गावात ग्रामपंचायतीला कधी मतदान झालंच नव्हतं. देवळात चार पुढारी बसणार, नावं ठरवणार, बाकीच्यांनी माना डोलवायच्या, आणि वर त्याला एकोपा म्हणायचं. मला त्या एकोप्याची शिसारी आली. मतदान होणारच, असं त्यांना तोंडावर सांगून मी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात घोंगडी टांगली. एकेकाने मागे जायचं, नाव लिहायचं, चिठ्ठी डब्यात टाकायची. कोण कुणाला मत देतं ते कुणालाच कळणार नाही, असं मी पुन्हा पुन्हा बजावलं. पोरंही शहाण्यासारखी आत जाऊन आली.

डबा उघडला. सगळ्या चिठ्ठ्यांवर पुतण्याचं नाव. मुलीला एकही मत नाही. मी डबा असा आपटला की त्याचं झाकण वाकलं.

वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. "अगं, निदान स्वतःचं मत तरी स्वतःला द्यायचंस!"

"कसं देऊ, बाई? भंडारा उचललाय आमी. समद्यांनी. मीबी."

देवापुढची हळद उचलून शपथ घ्यायची, की ठरल्या माणसालाच पाठिंबा देऊ. थोरांचीच ही रीत पोरांनी जशीच्या तशी उचलली होती. नऊ वर्षांच्या पोरीला तिच्याच विरुद्ध शपथ घ्यायला लावली, आणि गाव म्हणणार, पोरं गुणाची!

"अगं पण घोंगडीआड कुणाला कळलं असतं?"

"खंडोबाला कळलं असतं की."

ती दप्तर उचलून दारापर्यंत गेली आणि परत आली.

"बाई, उचलल्याला भंडारा माघारी ठिवता येतो का?"

मी डब्याचं वाकलेलं झाकण रागारागाने दाबत राहिले; ते बसेना. ती वाट बघत उभी राहिली.