वरच्या मजल्यावरची थंडी

आमचे वरच्या मजल्यावरचे काका पुण्याची थंडी जेवढ्या गांभीर्याने घेतात, तेवढ्या गांभीर्याने हिमालयातही कुणी घेत नसेल. ऑक्टोबरच्या उकाड्यात शनिवार पेठेतली आमची अख्खी इमारत पंखा पाचावर ठेवून बसलेली असते, तेव्हा काका पेटलेली उदबत्ती घेऊन घरातल्या एकेका खिडकीपुढून संथपणे फिरत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी पूजा चालली आहे, म्हणून मी चपला काढून हात जोडले. "नमस्कार कसला करताय? धूर कुठे वाकतो ते बघा," काका म्हणाले. धूर वाकला की तिथे फट. फट सापडली की काकूंनी जुन्या साड्यांच्या पट्ट्या शिवून ठेवलेल्याच असतात, आणि काका त्या खळ लावून चौकटीत इतक्या हळुवारपणे बसवतात, की जणू खिडकीला लागलं आहे. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी झालेली, त्यामुळे घराचा एक नकाशाही आहे आणि त्यात सगळ्या फटी लाल शाईने दाखवलेल्या आहेत. गॅलरीत स्वतःचा तापमापक आहे. पेपरातल्या आकड्यावर त्यांचा विश्वास नाही. "ते शिवाजीनगरचं तापमान. ते शिवाजीनगरकरांनी वापरावं."

एका वर्षी हा बंदोबस्त इतका पक्का झाला, की काकूंनी आमटीला मिरचीची फोडणी दिली आणि दोघंही खोकत खोकत आमच्याकडे उतरून आले. काकांच्या गळ्यात मफलर, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बायकोने पाणी दिलं. श्वास जाग्यावर आल्यावर त्यांनी आमच्या हॉलभर नजर फिरवली. "तुमच्याकडे हवा चांगली खेळते." बायको सुखावली. काका म्हणाले, "दुरुस्त करून घ्या."

त्यांची एकुलती एक मुलगी कॅनडात असते. नातीच्या जन्माच्या वेळी दोघं ऐन हिवाळ्यात तिकडे गेले, तेव्हा आम्हाला वाटलं, काकांच्या आयुष्याचं सोनं झालं. पण परत आले ते खट्टू होऊन. "तिथे थंडी रस्त्यावर असते हो. घरात मी बनियनवर बसत होतो. एक फट सापडेल तर शपथ." काकूंनी पुढचं सांगितलं. काकांनी तिथेही उदबत्ती लावून पाहिली होती. धूर लागताच आगीचा भोंगा वाजला आणि सगळी इमारत बर्फात जाऊन उभी राहिली.

यंदा दसऱ्याच्या सुमारास काकांचा पाय बाथरूममध्ये घसरला आणि पावलाचं हाड मोडलं. मुलीचे फोन वाढले. आता तुम्ही दोघांनीच राहायचे दिवस संपले, कायमचे इकडे या, असं तिचं म्हणणं. काका फोनवर "हं" एवढंच म्हणत. दिवाळी झाली. दिवाळीनंतरचा पहिला रविवार त्यांच्याकडे गोधड्यांना ऊन दाखवण्याचा, आणि त्या दिवशी सकाळी सातलाच काकांची गच्चीवर ये-जा सुरू होते. या रविवारी नऊ वाजले तरी जिन्यात पाऊल वाजलं नाही. मी वर गेलो. काका प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून गोधड्यांच्या बंद कपाटाकडे बघत बसले होते. काकू हळूच म्हणाल्या, "म्हणतात, यंदा राहू दे."

मी खाली जाऊन तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानदारांना बोलावलं. ते अंगाने दणकट आहेत. आम्ही दोघांनी काकांना खुर्चीसकट उचललं. माझ्या बायकोने प्लास्टरचा पाय सांभाळला, आणि काकू पुढे गोधड्यांचा ढीग घेऊन निघाल्या. "हे काय चाललंय?" काकांनी क्षीण आवाजात विचारलं. पण पहिल्याच वळणावर त्यांचा आवाज परत आला. "काटकोनात वळा. कपाट चढवताय का?"

गच्चीवर त्यांनी खुर्चीतूनच कारभार हाती घेतला. "ती जाड आहे, तिला दुपारपर्यंत हलवू नका. चौकड्याची उलटी करा. उलटी म्हणजे दुसरी बाजू, तुम्ही नुसती फिरवलीत." आरडाओरडा ऐकून इमारतीतली सगळी घरं आपापली रजया-पांघरुणं घेऊन वर आली. बारा वाजेपर्यंत गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. काकूंनी सगळ्यांना डिंकाचे लाडू वाटले, आणि काका घामाने निथळत मफलर सारखा करत होते.

दुपारी लोक जेवायला गेले. काकांनी मला जवळ बोलावलं. "तुम्हाला गोधडीची घडी येत नाही. शिकून ठेवा."

"पुढच्या वर्षी तुम्ही आहातच की सांगायला."

ते पायाकडे बघत म्हणाले, "मुलगी तिकिटांचं विचारतेय. मी म्हटलं, मार्चनंतर बघू." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मार्चमध्ये उन्हाळ्याची तयारी असते म्हणा."

काकांची मान हळूहळू छातीवर आली आणि त्यांना झोप लागली. ऊन सरकलं, पाण्याच्या टाकीची सावली त्यांच्या गुडघ्यांवर चढू लागली. चष्मेवाले जेवून परत आले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, दोन्ही बाजूंनी खुर्ची धरली आणि अलगद उचलून उन्हात नेऊन ठेवली. काका जागे झाले नाहीत. झाले असले, तरी त्यांनी तसं दाखवलं नाही.