बीसीचे पैसे आणि माझा जबाब

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे. कुणी वाचलंच तर माफ करावं. चौथीनंतर लिहायचं काम पडलं नाही.

इकडे हिंदी मुलखात, चेरीतालला आमच्या गल्लीतल्या दहा बायकांची बीसी, म्हणजे भिशी, माझ्याकडे होती. दर महिन्याला सगळ्या दोन-दोन हजार देत, जिची चिठ्ठी निघेल तिला वीस हजार. एका महिन्याचे पैसे डब्यासकट गेले. घर रंगवायला आलेला रंगारी मागच्या दारानं पळताना मी स्वतः पाहिला. पोलिसांनी त्याला पकडलं, पैसे सापडले नाहीत.

माझी मुलगी वकिली शिकते. ती पुस्तकातून समजावायची, चोरी म्हणजे साऱ्या समाजाचा गुन्हा, म्हणून खटला सरकार लढतं. घरातल्या चोरीत आपसात मिटवताही येत नाही. मला ते पटायचं. पण त्या महिन्याची चिठ्ठी जिची होती, ती शेजारीण पैसे माझ्याकडेच मागणार ना. शिलाई करून मी तिला आठ हजार दिले. बारा राहिले. ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

तीन वर्षं कोर्टात नुसत्या पेश्या, तारखांवर तारखा पडल्या. मग कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर रंगाऱ्याची आई भेटली. बारा हजार देते म्हणाली, सहा आधी, सहा जबाबानंतर. तिचा वकील म्हणाला, "अम्मा, बस इतना कहना है कि पहचानती नहीं." सरकारी वकील शेजारीच चहा पीत होते. त्यांनी ऐकलं आणि कप खाली ठेवला, एवढंच.

साक्षीच्या पेटीत मी तेच म्हटलं. मग सरकारी वकिलांनी आवाज चढवून विचारलं, राजीनामा, म्हणजे आपसात तडजोड, झाली म्हणून खोटं बोलता का? मी बोलायच्या आत टाइप करणाऱ्यानं लिहूनही टाकलं, "यह कहना गलत है कि राजीनामा हो जाने से मैं असत्य कथन कर रही हूँ." मी खाली सही केली. जजसाहेबांनी पुढची फाइल घेतली.

बाहेर रंगाऱ्याच्या आईनं उरलेले सहा हजार हातावर ठेवले. मुलगी म्हणाली, "आई, शपथ घेऊन खोटं काहून बोलली तू?"

"तुझ्या पुस्तकात शेजारणीचे बारा हजार कोण देतं, ते दाखव मला."

ती ऑटोत माझ्या शेजारी बसली, पण तोंड बाहेर करून.

घरी न जाता मी सरळ शेजारणीकडे गेले. तिनं उभ्यानंच नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. वीस हजार पूर्ण झाले.