अर्धी कोयनेल, अर्धी मेंदी

"रेषा बघा बाई, रेषा!"

असं म्हणत नाना गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे, एक डोळा मिटायचे आणि आपल्या कुंपणाच्या माथ्यावरून पार टोकापर्यंत नजर सोडायचे. मग मलाही तसंच बघायला लावायचे. माझी शाळेची घाई, हातात पिशवी, उन्हं चढत चाललेली. पण रेषा बघितल्याशिवाय सुटका नसे. आता तुम्हीच सांगा, भर रस्त्यात एक डोळा मिटून वाकलेली मास्तरीण पाहून शाळेतल्या पोरींनी काय समजायचं?

जळगावला मेहरूणच्या वाटेवर आमची घरं समोरासमोर होती. नाना रेल्वेत गार्ड. सगळी नोकरी भुसावळला काढली, पेन्शन घेतली आणि इथे चार खोल्या बांधल्या. बायको आधीच वारली होती. एकुलती एक लेक गोदा. येताना भुसावळच्या साहेबांच्या बंगल्यांवरून त्यांनी कोयनेलच्या फांद्या आणल्या आणि घरापुढे कुंपण घालायला घेतलं. गोदा म्हणाली, "शी, हा कडू पाला कशाला? मेंदी लावू." बापलेकीचं चांगलंच जुंपलं. शेवटी फाटकाच्या डाव्या अंगाला नानांची कोयनेल आणि उजव्या अंगाला गोदाची मेंदी, असं ठरलं. बघू कोण सरस ठरतं ते!

पुढच्याच वर्षी गोदाचं लग्न होऊन ती भडगावला गेली, आणि पैज तशीच राहिली.

नाना मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला धरून दोन्ही कुंपणं दाखवत. "ही कोयनेल बघा. बुडापासून दाट. शेळी तोंड लावत नाही. उन्हाळा असो, पावसाळा असो, हिरवी ती हिरवी. कातर लावा, तिथे थांबणार. आणि ही मेंदी! खाली नुसत्या काड्या, वर झिपऱ्या. शिवाय काटे. कोयनेल म्हणजे मेल गाडी हो, आणि मेंदी म्हणजे वऱ्हाड. केव्हा निघेल, कुठे पोचेल, काही नेम नाही!"

वऱ्हाडाचं नाव निघालं की त्यांचा आवाज चढायचा, त्यालाही कारण होतं. गोदाच्या लग्नात भडगावची मंडळी जानवशाहून निघता निघेनात. वाजंत्री वाजताहेत, नवरदेव घोड्यावर बसलाय, आणि मुहूर्ताची वेळ तर टळत चाललेली. नाना मांडवाच्या दारात घड्याळ घेऊन उभे. व्याही आले तसे हे सगळ्यांसमोर कडाडले, "आबा, गाडी थांबवली असती तुमच्यासाठी. मुहूर्त थांबवता येत नाही!" मांडवात कोणीतरी फिसकन हसलं. झालं! लग्न पार पडलं, जेवणं झाली, पण आबांच्या मनाला ते लागलं.

तुम्ही खान्देशातले असाल तर आखाजी म्हणजे काय ते सांगायला नको. नसाल तर ऐका. वैशाखातल्या अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. झाडाला झोके, तोंडात गाणी, पानात आमरस आणि हातावर मेंदी. पण लेक आपणहून येत नाही. माहेरचा कोणीतरी तिला आणायला जावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला की मगच सासू म्हणते, जा बाई.

पहिल्या आखाजीला नानांनी पुतण्याला मुराळी म्हणून धाडलं. तो हात हलवत परत आला. आबांचा निरोप एवढाच: "बापाला ये म्हणावं. पोरासोरांबरोबर सून धाडत नाही."

"मी का जाऊ?" नाना म्हणाले. "चुकलं कुणाचं? मुहूर्त तो मुहूर्त."

दुसऱ्या आखाजीला पुन्हा पुतण्या, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यालाही तेच. तशी गोदाला सासरी काही ददात नव्हती, जाच नव्हता. आबा मनाने वाईट नव्हतेच. दोघे म्हातारे आपापल्या ओसरीवर हट्ट धरून बसले होते आणि मधल्या मध्ये ती पोर माहेरासाठी झुरत होती. मला ह्या प्रकाराचा असा संताप यायचा म्हणून सांगू!

आणि गंमत बघा. दर आठवड्याला कोयनेलची हजामत करणारा हा माणूस मेंदीला मात्र कातर लावत नसे. पानही तोडू देत नसे. शाळा सुटली की पोरी मेंदी ओरबाडायला यायच्या. त्यांना रस्त्याकडचा कोपरा तेवढा मोकळा होता. तिथून पुढे हात गेला की नाना घरातून धावत यायचे. संतापले की ते सरळ अहिराणीत जायचे. "तिकडली तोडा वं पोरीस्होन! ही गोदानी शे!" म्हणजे ही गोदाची आहे. पोरी खिदळत पळायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

एका फाल्गुनात, होळी झाल्यावर, नाना पितळी ताटलीत मेंदीचा पाला घेऊन माझ्या दारात आले.

"बाई, यंदा गोदा येईल असं वाटतंय. जरा वाटून लावून बघा ना. रंग कसा येतो ते कळू द्या."

"पुतण्या जाणार की तुम्ही?" मी विचारलं.

ताटली माझ्या हातात देऊन ते चालते झाले. मीही कमी नाही. त्यांची राखलेली मेंदी वाटून मी डाव्या तळव्यावर थापली. मग बाहेर जाऊन पोरींच्या कोपऱ्यातला पाला ओरबाडून आणला, तो वेगळा वाटला आणि उजव्या तळव्यावर लावला. कात दोन्हीत सारखाच. सकाळी हात धुतले आणि तशीच समोर गेले. नाना कोयनेलपाशी वाकलेले. मी दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरले.

उजवा लालभडक. डावा फिक्का, हळदीचा हात धुतल्यावर राहतो तसा.

"हा तुमच्या राखणीचा," मी डावा हलवला. "आणि हा पोरींच्या कोपऱ्यातला."

"असं कसं? झाड तर एकच."

"नाना, अहो, मेंदी तोडली की नवा पाला फुटतो. रंग त्या कोवळ्या पाल्यात. तुम्ही हात लावू दिला नाहीत, पाला जून झाला. त्यात काय राहणार?"

नाना फाटकाच्या पायरीवर बसले. वाकून माझा डावा तळवा बघितला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे गोदा आली असती तर तिचे हात असे…"

"असेच झाले असते. आणि भडगावच्या बायका म्हणाल्या असत्या, माहेरची मेंदी रंगली नाही हिची."

हे बोलायला नको होतं का? मला नाही तसं वाटत. मी तर पुढेही बोलले. "कुंपण राखत बसलात आणि लेक तिकडे वाट बघत बसली. आबांना दोन शब्द गोड बोललात तर तुमचं काय झिजणार आहे?"

नाना उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. दिवसभर ते दार उघडलं नाही. आता हा म्हातारा आपल्याशी जन्मात बोलत नाही, असंच मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातरीचा आवाज आला. बघते तर नाना मेंदी छाटत होते. गुडघ्याएवढी ठेवून सगळी उतरवली. हाताला काटे लागून रक्त आलेलं, पण थांबले नाहीत. त्यानंतर रोज अंघोळीचं पाणी कळशीत भरून मेंदीच्या बुंध्याशी घालत. कोयनेलला महिनाभर कातर लागली नाही. ती चांगली पसरली, रस्त्यावर आली. मनात म्हटलं, वा!

चैत्र संपता संपता मेंदी पोपटी पाल्याने भरून गेली. आणि एका पहाटे नाना धुतलेलं धोतर, काळा कोट, टोपी अशा थाटात पाचोऱ्याच्या गाडीला गेले. तिथून बैलगाडीने भडगाव.

पुढचं गोदाने मला सांगितलं. आबा ओसरीवर बसले होते. नानांनी दारातच टोपी काढली आणि म्हणाले, "आबा, माझं चुकलं. चारचौघांत बोललो. लेकीला न्यायला आलोय, मुराळी म्हणून." आबा उठले, तांब्या आणला आणि व्याह्याच्या पायावर स्वतः पाणी घातलं. मग दोघांनी एका पंगतीला बसून पुरणपोळी खाल्ली, आणि आबांनी वाढप्याला दम दिला, "व्याह्यांच्या पानात तूप कमी पडलं तर बघ!"

ती आखाजी काय वर्णावी! गोदाचे हात मनगटापर्यंत रंगले. नाना तिला घेऊन आळीतल्या घराघरांत गेले. "हात दाखव, हात दाखव," करत. माझ्या दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोयनेल हरली हो बाई!" गोदा हसता हसता रडली. मीही रडले, लपवत नाही. झोक्यावर बसलेल्या लेकीला म्हातारा दुपारच्या उन्हात झोके देत होता, आणि दमलात का विचारलं तर माझ्यावरच खेकसत होता.

तेवढी एकच आखाजी त्यांच्या वाट्याला आली. कार्तिकात ताप भरला आणि चार दिवसांत नाना गेले. पुतण्या धुळ्याला नोकरीत. त्याने घराला कुलूप घातलं.

वैशाख जवळ आला तशी मला चैन पडेना. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, "घर बंद आहे. आणून ठेवायची कुठे?" बाईमाणूस मुराळी म्हणून गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, "अहो बाई, हसतील तिथे." म्हटलं, हसू देत. चांगलं लुगडं नेसले आणि पाचोऱ्याची गाडी धरली.

भडगावला आबा ओसरीवरच होते. मी पायरीशी उभी राहिले. "मी जळगावची. नानांच्या समोरच्या घरातली. गोदाला आखाजीला न्यायला आलेय."

आबांनी मला नीट बघितलं. वाटलं, आता विचारतील, तुम्ही तिच्या कोण?

त्यांनी मान वळवून आत हाक मारली, "आवर वं माय. तुना माहेरथून मुराळी येल शे."