मामांच्या हृदयातली बेवारस गाठ

आमचे मामा बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसताहेत. छत्र्या, डबे, एकेकटे बूट, एकदा तर कुणाची तरी कवळी. जे येईल त्याला ते दोऱ्यानं चिठ्ठी बांधतात, वहीत नोंद करतात आणि तीन महिन्यांत मालक आला नाही की लाल पेनानं नोंद खोडतात. खोडलेली वस्तू त्यांच्या लेखी जगातच नसते, मग ती समोर फळीवर का पडलेली असेना.

मागे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते बरे झाले, पण हृदयाच्या एका कप्प्यात रक्ताची गाठ राहिली. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ करणारी गोळी दिली. "निदान तीन महिने घ्या. मग टूडी इको करू आणि ठरवू. गाठ सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होईल." मामांनी यातलं फक्त 'तीन महिने' ऐकलं. घरी येऊन वही काढली आणि लिहिलं: 'गाठ, एक. सापडल्याचं ठिकाण: हृदय. मालक: अज्ञात.'

"अहो, मालक तुम्हीच ना?" मामी म्हणाली.

"मी कशाला? माझ्याकडे नुसती जमा आहे."

एक्याण्णवाव्या दिवशी नोंद खोडली आणि गोळ्या बंद. तपासणीला साफ नकार. "नसलेल्या गाठीचे फोटो काढायचे? लोक हसतील." मामीनं समजावलं, रडून पाहिलं, अबोला धरला. मी फोनवर भांडलो, तर मला नियमाचा क्रमांक ऐकवला. इतका हेकट माणूस माझ्या आईचा भाऊ असावा याची मला लाज वाटते; आणि सगळ्या नातेवाइकांत मला तोच सगळ्यात आवडतो, हे त्याहून वाईट.

पाचव्या दिवशी मामी डेपोत गेली आणि खिडकीपुढच्या रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तसं मामांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय हरवलंय?"

"अजून नाही हरवलं. फॉर्म द्या."

तिनं तिथंच उभ्यानं लिहिलं. वस्तू: हृदय, आतल्या गाठीसकट. ओळखीची खूण: चिडलं की धडधडतं, चूक झाली तरी कबूल करत नाही. मालक: मी.

मामा गडबडले. डेपोचा नियमच होता: खोडलेली वस्तू फळीवरून हलवण्याआधी कुणी हक्क सांगितला, तर पडताळणी करावीच लागते. मागे रांग कुरकुरत होती. त्यांनी शिक्का मारला, खिडकी लावली आणि वस्तू पडताळणीसाठी मामीच्या ताब्यात दिली, म्हणजे स्वतःच मुकाट्यानं तिच्यामागून दवाखान्यात गेले.

पडद्यावर गाठ होती. लहान झालेली, पण होती, आणि तिचं एक टोक हलत होतं. डॉक्टरीणबाई भडकल्या. "गोळ्या कुणाला विचारून थांबवल्या? आजपासून पुन्हा सुरू. कधी बंद करायच्या ते तपासून मी सांगेन."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मामा म्हणाले, "तरी नियमाप्रमाणे पाहिलं तर..."

मामीनं त्यांना मध्येच तोडलं. "चार दिवस तुम्ही चहाचा कप उचललात की मी हाताकडे बघायचे, लुळा पडतोय का. काही बोललात की कान देऊन ऐकायचे, जीभ अडखळतेय का."

मामांनी तिच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि पाणी येण्याची वाटही न बघता गोळी गिळली.