डाव्या खुब्यातले स्क्रू

जाम गावच्या चौकात आमची एसटी मागे घ्यायची होती, म्हणून मी शिटी घेऊन खाली उतरले. पायरीवरून पाय सुटला आणि मी डाव्या अंगावर, सिमेंटच्या कडेवर पडले. कंडक्टरच्या नोकरीत दिवसभर चढणं-उतरणंच असतं. त्यातलं एक उतरणं चुकलं, एवढंच. खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याच्या दवाखान्यात तीन लांब स्क्रू घालून ते जोडलं. तेव्हा मी नुकतीच चाळिशी ओलांडली होती.

हाड जुळलं, मी ड्यूटीवर परत गेले. पण डाव्या कुशीवर झोपता येईना. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बोट दाबलं की आत काहीतरी टणक लागायचं. गर्दीत तिकिटं देताना सीटचा दांडा नेमका तिथे टेकला की दोन क्षण श्वास अडकायचा. पौर्णिमेला विहारात सगळ्या बायका खाली बसत आणि मी मागे, भिंतीशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर. शिवाय मी लंगडत होते. फार नाही, पण नेहमीचे प्रवासी मला त्यावरून ओळखू लागले होते. "लंगड्या मॅडम असल्या की गाडी टायमावर निघते," असं एकाला बोलताना मी ऐकलं. तो कौतुकच करत होता.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "हाड जुळताना थोडं खाली बसलं. त्यामुळे स्क्रू बाहेर सरकलेत, त्यांची डोकी मांसाला घासतात. काढले तर घासणं थांबेल. नाही काढले तरी बिघडणार काही नाही. तुम्ही ठरवा."

मी तिथेच ठरवून टाकलं.

सासूबाईंना ते पटलं नाही. पहिल्या वेळी माझं सगळं त्यांनीच केलं होतं, अंगाखाली भांडं देण्यापासून वेणी घालण्यापर्यंत. पुन्हा तो त्रास त्यांना नको असेल, असं मला वाटलं. सिंदी मेघेच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून त्या आंबाडीची भाजी निवडत होत्या.

"हाड जुडलं न? मग काऊन चिरून घेऊन राह्यली?"

"झोपता येत नाही, आई."

"झोपेसाठी नाई काढून राह्यली तू. लंगडणं जाईन म्हणून काढून राह्यली."

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

"डाक्टरले विचारलं का?"

"नाही."

"मंग विचार न एकदा."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं, याचा अंदाज मला असावा.

पाठीत इंजेक्शन दिलं आणि कमरेखालचं शरीर माझं राहिलं नाही. तोंडापुढे हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडे डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस हळू आवाजात बोलत होते. दोन स्क्रू लवकर निघाले. ट्रेमध्ये पडल्याचा आवाज मी ऐकला. तिसऱ्याच्या डोक्यावर हाड चढलं होतं. ते छिन्नीने काढावं लागलं. ठोके बसत होते तसं माझं अंग टेबलावर हलत होतं, पण दुखत काहीच नव्हतं. शेजारच्या घरात कोणी भिंत फोडत असावं, तसं मी ते ऐकत राहिले. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडवर आले. काही आठवडे कुबड्या वापरायच्या, म्हणाले. स्क्रूंच्या जागी हाडात भोकं राहिलीत, ती भरेपर्यंत पूर्ण भार द्यायचा नाही. तेव्हा मी विचारलं, "आणि लंगडणं?"

"ते स्क्रूमुळे नव्हतं. हाड बसलं म्हणून पाय थोडा आखूड झालाय. तो तसाच राहणार. चपलेला टाच लावून घ्या, मी मागेही सांगितलं होतं."

सांगितलं होतं, खरं आहे. उंच टाचेची एकच चप्पल म्हणजे सगळ्या गावाला दाखवत फिरणं, असं तेव्हा मला वाटलं होतं.

नवऱ्याने डब्यातला वरणभात वाढून दिला. मी जेवले. संध्याकाळी सासूबाई आल्या. त्यांनी माझे केस सोडले, विंचरले आणि घट्ट वेणी घातली.

"विचारलं," मी म्हणाले. "जाणार नाही म्हणतात."

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. मग आंजी गावात त्यांच्या बहिणीकडे तूर चांगली झाली होती, ते त्यांनी सविस्तर सांगितलं.

जखम भरली. डाव्या कुशीवर पहिल्यांदा झोपले तेव्हा सकाळपर्यंत जाग आली नाही. कुबड्या सुटल्यावर मी आणि सासूबाई चांभाराकडे गेलो. त्याने दोन्ही पाय सपाट फळीवर ठेवायला लावले, डाव्याखाली चामड्याचे तुकडे सरकवून पाहिले आणि काळ्या सँडलच्या डाव्या तळाला रबराचा थर चढवून दिला. मी दुकानासमोर चालून दाखवलं. झोक कमी झाला होता, गेला नव्हता.

"बरं दिसते का?" मी विचारलं.

सासूबाईंनी नीट पाहिलं. "थोडं दिसते," म्हणाल्या. "पाय दुखते का, ते सांग."

"नाही."

आम्ही ऑटो केला आणि घरी आलो.