अजगराची दृष्ट

शेजारच्या खोलीत एक पोरगा एकटाच राहायचा, चाकणला कंपनीत होता, आणि काचेच्या पेटीत पाळलेला त्याचा परदेशी अजगर कित्येक दिवस काही खाईना. भुकेलं जनावर भिंतीपलीकडं अन् माझं बाळ अलीकडं, मला झोपच नव्हती. तो शिफ्टवरून आला की बूटसुद्धा न काढता चिमट्यात मेलेला उंदीर धरून पेटीपुढं बसायचा.

एकदा म्हणाला, "वहिनी, बाळाची काढता तशी याची दृष्ट काढा की."

"दादा, मी आत नाही यायची."

"दारातूनच काढा."

मीठ-मोहरी ओवाळली, म्हणलं, "आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची..."

"माझ्याकडं कोण येतंय? माझीच लागली असंल, सारखा बघत बसतो." उंदीर आत ठेवून, पेटीवर चादर टाकून तो बाहेर पायरीवर बसला.

बऱ्याच वेळानं आत धप्पकन वाजलं. "घेतला," तो हळूच म्हणाला, पण बघायला उठला नाही.