उघड्या ताटातला फासा

माझी बायको फासा कधी झाकून टाकत नसे. पितळी ताट मधोमध ठेवायची आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकायची. मी चौथी शिकलेला माणूस, पण त्याला छाती लागते एवढं कळतं.

सेवाग्रामला डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलींच्या मेसमध्ये ती पोळ्या लाटायची. ऐंशीनंतरची गोष्ट. तिथल्या एका परदेशी पोरीनं तोडक्या हिंदीत तिला हा खेळ शिकवला आणि जाताना खेळाचा डबा देऊन गेली. एकानं मनात भुयार रचायचं, बाकीच्यांनी एकेक गडी होऊन त्यात उतरायचं, जे करायचं ते तोंडानं सांगायचं. डब्यातलं इंग्रजी पुस्तक तिला वाचता येत नव्हतं. आठवले ते नियम ठेवले, उरलेले स्वतः केले. वीस तोंडांच्या फाशावरचे आकडे दिसेनात, तर त्यात कुंकू भरलं. शेजारी तिला मास्तरीण म्हणू लागले.

रविवारी जेवणं झाली की बसायचो. मी, शेजारची शेवंताबाई आणि गणपत शिंपी. मास्तरीण सांगायची, "पायऱ्या उतरल्या. गुडघाभर पाणी हाये. पुढं काई तरी हालून राह्यलं. बोला." मग आम्ही बोलेपर्यंत थांबायची. शेवंताबाई दर दाराशी म्हणायची, "आधी बांबू टोचून बघा, खड्डा असन तं." गणपत चिडायचा, "बाई, तुमच्या बांबूपायी वर्षभर एकाच खोलीत हावोत आपण!"

नकाशा काढायचं काम माझं. जिनिंगात कापसाच्या गाठी उचलणारे हात, पेन्सिली मोडायच्या. मास्तरीण समोर बसून हातानं वळणं दाखवायची, मी बघून काढायचो. समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळं भुयार उलटं काढलं. एका रविवारी मागं राक्षस लागला. मी नकाशा बघून ओरडलो, "उजवीकडं पळा, तिकडं जिना हाये!" तिकडं भिंत होती.

खेळातला माझा गडी रंगा, दोन पावसाळे जगलेला. "दहाच्या वर पडला तं वाचला," ती म्हणाली. चार पडला.

"अवं, पुन्हा टाक ना. मी घरचा माणूस हाय."

"घरी घरचे. इथं रंगा मेला. खोटा जगवला तं तुमालेच गोड लागन नाई."

मी ताट लाथाडलं. तीन रविवार परसात बसलो. तिनं चहा आणून दिला, शब्द फिरवला नाही. चौथ्या रविवारी नवा गडी घेऊन मुकाट आत गेलो. नकाशा शेवंताबाईकडे गेला होता.

पुढं गणपत वारला, शेवंताबाई लेकीकडे गेली, खेळ थांबला.

मागच्या वर्षी हिचं पोट दुखू लागलं. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, फार दिवस नाहीत. मुलगा म्हणाला, "बाबा, आईले सांगू नका." मी आत गेलो आणि ऐकलं तसं तिला सांगितलं. मुलगा अजून माझ्याशी धड बोलत नाही.

ती म्हणाली, "बरं केलं. मंग घरी चला. इथं काऊन पडून राहू?"

सतरा दिवस मिळाले. बहिणीशी जुनं भांडण होतं, ते मिटवलं. मला खाटेवरून वरण करायला शिकवलं. दोनदा फोडणी करपवली, दोनदा शिव्या खाल्ल्या. शेवटी एक दिवस माझ्या हातचं चमचाभर तोंडात घेतलं. मी तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी हाये," म्हणाली.

कमीच होतं.